लखपतची भरती

माझ्या सासूबाई गोराईच्या कोळीण. समुद्र दिसत नाही तिथे त्या पाऊल टाकत नाहीत. सख्ख्या भाचीच्या नाशिकच्या लग्नालाही गेल्या नाहीत. मी भांडुपची, मला एकदा तरी वाळवंट बघायचं होतं आणि एकटीने जायचं नव्हतं. म्हणून मी जपून शब्द वापरले. "आई, कच्छच्या टोकाला, अगदी सरहद्दीवर लखपत आहे. केवढं मोठं बंदर होतं!"

त्यातलं 'होतं' मी जरा हळूच म्हटलं.

बंदर म्हटल्यावर बाई तयार. दुसऱ्याच्या दर्याला रिकाम्या हाताने भेटू नये म्हणून त्यांनी पिशवीत नारळही घेतला. तो बघूनही मी खरं काही सांगितलं नाही. थाप उघडी पडली तर पुढची सहल गोराईच्या जेट्टीपर्यंतच, हे मला ठाऊक होतं.

भुजहून सकाळी गाडी करून निघालो. वाटेत बाभळी, उंट, परत बाभळी. लखपतच्या वेशीतून आत गेलो तर पडकी घरं आणि शुकशुकाट. किल्ल्याच्या तटावर चढलो. समोर क्षितिजापर्यंत राखाडी, सपाट चिखल. मी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले.

त्यांनी कपाळावर हात धरून नीट पाहिलं. "ओहोटी हाय," म्हणाल्या. "बस गो. भरती येल."

सुटले, असं वाटलं मला. अर्धा तास गेला. ऊन टाळूत शिरायला लागलं. तेवढ्यात सीमेवरचा एक जवान तटावरून येताना दिसला. सासूबाईंनी आपलं मासळीबाजारातलं हिंदी काढलं.

"ओ भाऊ, भरती कब आएगा?"

तो अदबीने थांबला. "भर्ती तो निकलती रहती है, माताजी. लड़का बारहवीं पास है?"

मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईंनी मान हलवून "विचारते" म्हटलं आणि परत चिखलाकडे तोंड करून बसल्या. आणखी तासाभराने माझी जीभ टाळूला चिकटली तेव्हा मी कबूल केलं. "आई, चुकलं माझं. फार पूर्वी इथे भूकंप झाला, नदी वळली. पाणी गेलं ते परत आलंच नाही."

"मना येडी समजलीस काय गो? चिखलाला वास नाय, तवाच कललं. तू किती वेळ उन्हात बसतेस ते बगत होते."

मला लाजही वाटली आणि हसूही आवरेना. त्यांनी नारळ दगडावर आपटला, पाणी मला पाजलं. "पी. थापा मारून घसा सुकला असल."

खोबऱ्याची एक वाटी माझ्या हातात दिली. दुसरी तटावर, चिखलाकडे तोंड करून ठेवली.

"ही कुणाला?"

"आलीच भरती, तर रिकाम्या हातानं जायला नको बिचारी."