केतुतच्या गाडीत आत्ती काय बोलल्या

आमच्याकडे कुणी चकवा, भानामती असलं काही सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. राग म्हणून नाही... मला खरंच कंटाळा येतो. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि दिसतं तेवढंच खरं मानायचं, हा आमचा धंदा. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. यात घाबरण्यासारखं काही नाही, तेही आधीच सांगते. जे झालं ते भर दिवसा, एसी गाडीत झालं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही बालीला गेलो होतो — मी, माझा नवरा सुहास आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींचा सगळा जन्म इचलकरंजीजवळच्या एका खेड्यात, म्हशी आणि मळा यांत गेला. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे कोल्हापूरला आल्या. भाषा येते ती आपली कोल्हापुरी, आणि माहेर सीमेकडचं म्हणून थोडं कानडी. बस्स. जोतिबा सोडला तर कुठं चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. पण बालीचं विचारलं तर लगेच "जाऊया की" म्हणाल्या. आम्हाला नवल वाटलं, पण त्यावर फार विचार केला नाही.

हॉटेल उबुद नावाच्या गावात होतं. तिथं फिरायचं तर गाडीशिवाय गत नाही. बस जवळपास नाहीतच, रस्ते अरुंद, फूटपाथ मध्येच संपतो. मोबाइलवरून टॅक्सी बोलवावी तर बऱ्याच गल्ल्यांच्या तोंडाशी तिथल्या ड्रायव्हर लोकांनी बोर्ड लावलेले — ऑनलाइन टॅक्सी इथं चालणार नाही. शेवटी हॉटेलवाल्यानंच सगळ्या मुक्कामासाठी एक गाडी ठरवून दिली. ड्रायव्हरचं नाव केतुत. पन्नाशीचा, सावळा, डोक्याला पांढरं फडकं बांधलेला. इंग्रजी कामापुरतं — 'लंच', 'टॉयलेट', 'नो प्रॉब्लेम'. त्यापलीकडचं काही असलं की तो आणि सुहास मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपवर बोलायचे.

आत्तींना मागं बसलं की गाडी लागते, म्हणून त्या पुढे, केतुतच्या शेजारी. डॅशबोर्डवर तो रोज पानाच्या छोट्या द्रोणात फुलं आणि चार दाणे भात ठेवायचा. आत्तींना ते फार आवडलं.

"पावणं, रोज ठेवता व्हय ही फुलं?"

केतुत हसून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"बरं करता. गाडी म्हंजे लक्ष्मीच की."

इथून जे सुरू झालं ते थांबेना. भातशेतीतून जाताना, देवळांपुढच्या ट्रॅफिकमध्ये, पेट्रोल भरताना — आत्ती मराठीत बोलतायत, केतुत त्याच्या भाषेत. ती म्हणजे तिथली गावाकडची बोली, हे नंतर कळलं. ॲपलाही ती धड कळत नव्हती. तो आत्तींना 'इबू' म्हणायचा, म्हणजे आई. कधी आत्तींचा आवाज खाली यायचा, कधी त्याचा. आम्ही मागं बसून हसायचो. सुहास म्हणायचा, "आईला जोडीदार मिळाला, आपण सुटलो."

एके दुपारी आम्ही ज्वालामुखीचा डोंगर बघून परत येत होतो. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, रस्ता उताराचा. एका फाट्याजवळ गाडीचा वेग थोडा कमी झाला, परत वाढला. तेवढ्यात आत्ती मोठ्यानं म्हणाल्या, "घे की आत. रोज असा बगत बगत पुढनंच जाणार हाईस व्हय?"

केतुतनं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसला.

"काय झालं, आई?" सुहासनं विचारलं.

"त्येची ल्येक हितं आत ऱ्हातीया. सोताच्या मनानं लगीन केलं म्हणून ह्यो बोलत न्हाय तिच्यासंगं. आता तिला पोरगी झालीया, तिचं तोंडबी अजून बगितलं न्हाय ह्येनं."

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्येनंच की. कालपास्नं दुसरं काय बोलालाय त्यो?"

मी सुहासकडे बघितलं. आत्ती तोवर दार उघडून खाली उतरल्या होत्या. गाडीला वळसा घालून त्यांनी केतुतच्या बाजूचं दार उघडलं. "चल ऊठ. मी येतो संगं." आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच म्हणतात. आणि तो उठला. एवढा बाप्या माणूस, पण त्यांच्या मागून खाली मान घालून गेला.

आम्ही गाडीतच थांबलो. बऱ्याच वेळानं ते परत आले तेव्हा केतुतच्या कडेवर एक तान्ही मुलगी होती आणि मागून एक तरुण बाई डोळे पुसत येत होती. तिनं वाकून आत्तींचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. आत्ती म्हणाल्या, "पोरगी आज्यावर गेलीया, नाकाडावर."

संध्याकाळी सुहासनं ॲपवर केतुतला विचारलं — तुम्ही हे आईला सांगितलं होतं का? उत्तर आलं ते असं: 'मी बोलत होतो. घरी कुणाशी बोलता येत नाही. आईला समजत नाही म्हणून बोलत होतो.'

मी म्हटलं, हावभावावरून ओळखलं असेल. म्हाताऱ्या माणसांना कळतं. तो त्या फाट्याकडे बघायचा, आत्तींनी अंदाज बांधला असेल... आणि मी तो विषय बाजूला ठेवला.

परतीच्या दिवशी केतुतच आम्हाला विमानतळावर सोडायला आला. आत्ती बाकावर बसल्या होत्या. बॅगा उतरवून झाल्यावर त्यानं सुहासला बाजूला बोलावलं आणि या वेळी गावच्या बोलीत न बोलता त्यांच्या सरकारी भाषेत, अगदी सावकाश, मोबाइलमध्ये बोलला. पडद्यावर मराठी उमटलं. मी सुहासच्या खांद्यावरून वाचलं.

'आईच्या छातीत ढेकूळ आहे. डावीकडे. आंघोळ करताना सापडले. ती भिते. मुलाला सांगणार नाही. तुम्ही डॉक्टरकडे न्या.'

ढेकूळ हा शब्द वाचून मला आधी हसू आलं, हे कबूल करते. दुसऱ्याच क्षणी कळलं, त्याला गाठ म्हणायचंय.

सुहास थेट आत्तींसमोर जाऊन बसला. "आई, छातीत गाठ आहे तुझ्या?"

आत्तींचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. आधी त्या चिडल्या. "कुणी सांगितलं?"

"केतुतनं."

"त्येनं?" त्या केतुतकडे बघत राहिल्या. तो मान खाली घालून उभा होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "सांगितलं हुतं मी त्येला. पर मराठीतच सांगितलं की रं! त्येला काय कळतंय म्हणून तर सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडला असतास. आणि मग हितं यायचं ऱ्हायलं असतं. म्हटलं, जायच्या आधी एकदा पोरांसंगं लांब कुठंतरी जाऊन यावं."

सुहास तिथंच, सगळ्या लोकांत, रडला.

कोल्हापूरला आल्यावर लगेच तपासण्या झाल्या. गाठ कॅन्सरची होती. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली. पसरायच्या आत आलात, असं डॉक्टर म्हणाले. केस गेले ते परत आले, आता आत्ती सकाळी स्वतः भाजी आणायला जातात आणि भाजीवालीशी भांडतात.

मी माझ्या परीनं शोधलं. त्यांनी छातीला हात लावला असेल, तोंड वाईट केलं असेल, हे मान्य. पण डावी बाजू? आंघोळ? मुलाला सांगणार नाही? आणि इकडे आत्तींना केतुतच्या नातीचं कसं कळलं? एका ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, माणसं शब्दांपेक्षा जास्त बोलतात. असेल. पण एवढं?

ऑपरेशननंतर आत्ती घरी आल्या तेव्हा सुहासनं केतुतला व्हिडिओ कॉल लावला. तो नातीला मांडीवर घेऊन बसला होता. आत्तींना बघून त्याचा चेहरा उजळला आणि तो भरभर बोलायला लागला. आत्तीही बोलल्या — आता बरी हाय, पोरगीला दात आलं का, वगैरे. मग दोघंही एकदम थांबले. केतुत कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. आत्तींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, कानाजवळ नेला, परत डोळ्यांजवळ आणला.

"सुहास," त्या म्हणाल्या, "काय म्हनालाय रं ह्यो?"

"तुला कळतं ना त्याचं?"

"गाडीत कळत हुतं." त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. "आता न्हाय कळत."

त्यानंतर अजूनही दर सणाला ते दोघं एकमेकांना कॉल करतात, मध्ये सुहासचं ॲप लागतं.