चार खऱ्या वाक्यांचं पत्र

हे वैशालीलाही ठाऊक नाही. ती माझी बायको, इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही, आणि हेबर्लेंचं नाव आमच्या घरात अजूनही वर्षातून दोन-तीनदा निघतं. "किती सरळ माणूस होता हो," ती म्हणते, आणि मी मान हलवतो. ती मान हलवणंच आता मला नकोसं झालंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

कुठून सुरुवात करू? बंदुकीपासूनच करावी लागेल.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाढलो. वडील बाजार समितीत मापाडी. घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी. आमच्या शाळेचे संस्थाचालक पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला यायचे तेव्हा त्यांच्या कमरेला चामड्याच्या पाकिटात रिव्हॉल्व्हर असायचं. परवान्याचं, बत्तीस बोरचं. परवान्याच्या अर्जात कारण लिहावं लागतं, आणि ते कारण असतं 'स्वसंरक्षण', हे आम्हाला गुरुजींनी सांगितलं होतं. एवढा मोठा शब्द आणि एवढी छोटी वस्तू. तेव्हापासून मला वाटत आलं की ज्याच्याकडे ती वस्तू आहे तो सुरक्षित, आणि बाकीचे सगळे त्याच्या मर्जीवर.

हे मी कशाला सांगतोय? कारण याच समजुतीनं पुढे घात केला. की मीच केला? मीच केला.

२००४ च्या आसपासची गोष्ट. जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या एका छोट्या गावात आम्ही राहत होतो. मी गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांचं डिझाईन करणाऱ्या एका कंपनीत होतो — करार दोन वर्षांचा, व्हिसा कराराला बांधलेला. शनिवारी सकाळी आम्ही पाच-सहा मराठी इंजिनिअर सतीशकडे पोह्यांना जमायचो. त्याच सुमारास आमच्यातल्या एकाला स्टेशनवर तीन पोरांनी धक्काबुक्की केली. चष्मा फुटला, ओठ फाटला, बाकी काही नाही. पण त्या शनिवारपासून पोह्यांच्या प्लेटवर एकच विषय सुरू झाला.

"नऊ एमएम नुसती भोक पाडून पलीकडे जाते रे. समोरचा येतच राहतो. पंचेचाळीस पाहिजे, जागेवर बसवते."

"तुला पंचेचाळीस पेलवणार? भाजीची पिशवी उचलताना धापा टाकतोस!"

मी टिश्यू पेपरवर गोळीचं वजन गुणिले वेग मांडत बसायचो. स्टॉपिंग पॉवर म्हणजे नेमकं काय, ऊर्जा की संवेग, यावर मी इंटरनेटवर रात्ररात्र वाचलं होतं. सतीश कोथरूडचा, जिभेला हाड नाही. "मापाड्याचं पोर ते," म्हणायचा, "वजन केल्याशिवाय गोळीसुद्धा खाणार नाही." सगळे हसायचे. मीही हसायचो. आमच्यापैकी एकानंही टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरलेलं नव्हतं. पण मी घरी जायचो तेव्हा तो विषय माझ्या डोक्यात तसाच चालू असायचा. जिन्यात मागून पाऊल वाजलं की मी थांबून त्या माणसाला पुढे जाऊ द्यायचो.

आणि खालच्या मजल्यावर हेबर्ले राहायचे.

सत्तरीला टेकलेले, विधुर, आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले. तुम्ही त्या भागात राहिला असाल तर केअरवोख माहीत असेल — प्रत्येक घरानं एकेक आठवडा जिना आणि समोरचा रस्ता झाडायचा. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला लाकडी पाटी. आपला झाला की शेजारच्याच्या दाराला लावायची. दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आमच्या दाराला ती पाटी लागायची, आवाज न करता. मी आतून कान देऊन ऐकायचो. हा माणूस किती वेळ दाराशी उभा राहतो? काय ऐकतो?

एका रविवारी मी त्यांना कुलूपबंद लांबट पेटी गाडीत ठेवताना पाहिलं. संपलं. त्यानंतर त्यांचं सगळंच मला वेगळं दिसायला लागलं. पडदा हलला की ते. माझे आई-वडील उन्हाळ्यात येणार होते, तर त्यांनी मला तीनदा विचारलं — कधी येणार, किती दिवस राहणार, वडिलांचं वय काय. तीनदा! एखादा माणूस हे तीनदा का विचारेल? वैशाली म्हणाली, "अहो, ते रोज मला पेपर आणून देतात. त्यांना काय पडलंय आपलं?" मला वाटलं, हिला जग कळत नाही.

ती पेटी कसली, हे मी शेवटी विचारलंच. ते लपवणारे नव्हते. गावच्या नेमबाजांच्या मंडळात ते तीस वर्षं होते, रेंजवर देखरेखीला उभे राहायचे. पुढच्या रविवारी मला घेऊनही गेले. कागदावरची ती काळी वर्तुळं, कानांवरची ती आवाज अडवणारी जाड झाकणं, दोन आवाजांच्या मधली ती शांतता. मला वाटलं होतं तिथे संस्थाचालकांसारखी माणसं असतील. होते निवृत्त पोस्टमन, बेकरीवाल्या बाई, आणि हेबर्ले.

नंतर आम्ही दोघंच बाहेर बाकावर सफरचंदाचा रस पीत बसलो. आणि मी विचारलं. हे नीट लक्षात ठेवा — मी विचारलं. माणूस अंगावर आला, तर त्याला थांबवायला कुठली गोळी पुरते? नऊ की पंचेचाळीस?

ते हसले. अवजाराबद्दल कुणी विचारलं की जुना कारागीर जसा खुलतो तसे खुलले. "आल्झो, असं बघा," म्हणाले, "छातीत नीट बसली तर नऊ पुरते. नीट नाही बसली तर पंचेचाळीसही नाही पुरत. जाडीपेक्षा जागा महत्त्वाची." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मी तीस वर्षं कागदावर मारतोय. घरात चोर आला तर मी खोलीचं दार लावून पोलिसांना फोन करीन. माणसावर माझा हात चालणार नाही."

आणि तेच पुढे सांगत गेले की त्यांच्या देशात साध्या माणसाला स्वसंरक्षणासाठी हत्यार मिळत नाही. खेळासाठी मिळतं, शिकारीसाठी मिळतं. उलट हे माणसासाठी ठेवलंय असं कुणी बोलू लागला, तर कचेरी त्याची चौकशी लावते. कायदा नुकताच आणखी कडक झाला होता. आमच्याकडे ज्या शब्दानं परवाना मिळतो, त्याच शब्दानं त्यांच्याकडे तो जातो. मला गंमत वाटली. मी ते लक्षात ठेवलं.

मे महिन्यात आई-वडील आले. हेबर्लेंनी तळघरातून बागेची एक जास्तीची खुर्ची काढून, घासूनपुसून ठेवली होती. संध्याकाळी दोघं म्हातारे बागेत बसायचे, एकमेकांचा एक शब्द कळत नसताना. हेबर्ले जाडी मोजायचा आपला जुना व्हर्निअर दाखवायचे, वडील मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन वजन सांगायचे, मग ते हेबर्लेंच्या काट्यावर घालून बघायचे आणि लहान मुलांसारखे हसायचे. "वजनाला पक्का माणूस आहे," वडील मला म्हणाले.

मी हे सगळं खिडकीतून बघत होतो. मला काय वाटत होतं सांगू? हा माणूस माझ्या वडिलांकडून काय काढून घेतोय?

जूनमध्ये घरमालकिणीचं पत्र आलं. घरात करारापेक्षा जास्त माणसं राहतात असं दिसतं, खुलासा करावा. खुलासा सोपा होता, पाहुण्यांचा व्हिसा होता, सगळं रीतसर होतं. पण मला ते पत्र वाचताना व्हिसा कचेरी दिसली, करार दिसला, परत जालन्याचं स्टँड दिसलं. कुणी सांगितलं असेल हिला? आई-वडिलांच्या तारखा तीनदा कुणी विचारल्या होत्या?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर मी डिक्शनरी घेऊन बसलो. जिल्हा कचेरीच्या हत्यार विभागाला पत्र. खाली सही नाही. चार वाक्यं. या पत्त्यावरच्या श्रीयुत हेबर्लेंकडे हत्यारं आहेत. माणसाला थांबवायला कुठली गोळी पुरते यावर ते बोलतात. छातीत नीट बसली तर नऊ एमएम पुरते, असं ते म्हणाले. ते एकटे राहतात आणि त्याच घरात वर एक कुटुंब राहतं.

चारही वाक्यं खरी होती. प्रश्न माझा होता, तो मी लिहिला नाही. दार लावून पोलिसांना फोन करीन, तेही लिहिलं नाही. मापाड्याचा मुलगा आहे मी. काट्यावर बोट न ठेवताही माप कसं मारतात, ते मला घरात कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मला सुचलं.

पत्र स्टुटगार्टला जाऊन टाकलं, पाकिटावर आमच्या गावाचा शिक्का नको म्हणून. तितकी अक्कल होती.

नंतरच्या आठवड्यात घरमालकीणबाई स्वतः आल्या. चहा घेतला, आईशी खुणांनी बोलल्या, आणि जाता जाता मला म्हणाल्या की पाण्याचं मीटर एकदम वाढलेलं दिसलं म्हणून पत्र पाठवलं, बाकी काही नाही. मीटर. कुणी काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा हेबर्ले खाली रस्ता झाडत होते. त्यांनी हात केला. मीही केला.

त्या क्षणी मी दुसरं पत्र लिहू शकत होतो. फोन करू शकत होतो. मी काय केलं? मी वाट पाहिली. कदाचित कचेरीतलं कुणी ते वाचणारच नाही, असं म्हणत राहिलो.

त्यांनी वाचलं. आई-वडील परत गेल्यावर, ऑगस्टमध्ये, दोन माणसं येऊन हेबर्लेंचं हत्यारांचं कपाट तपासून गेली. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांना कचेरीत बोलावलं आणि विचारलं, तुम्ही असं म्हणालात का? आणि हेबर्ले म्हणाले — हो, म्हणालो. दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. पुरावा काय होता? पण ते जे बोलले ते बोलले. कुणीतरी विचारलं म्हणून सांगितलं, हे मात्र त्यांच्या एकट्याच्या शब्दावर राहिलं.

एका संध्याकाळी ते वर आले. पहिल्यांदाच, पाटी लावायला नव्हे. वैशाली दुकानात गेली होती. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही होतात त्या दिवशी. कोणी काय विचारलं आणि मी काय म्हणालो, एवढंच लिहून द्या. माझं बाकी काही म्हणणं नाही."

त्या बाकावर आम्ही दोघंच होतो. पत्र कुणी लिहिलं हे शोधायला त्यांना किती विचार करावा लागला असेल? मग ते माझ्याकडे मदत मागायला आले होते, की मला एक संधी द्यायला? त्यांच्यावर संशय घेण्यातून मी कधीच सुटलो, पण इतकी वर्षं हा प्रश्न सुटत नाही.

मी म्हणालो, "माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं. नेमकं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही."

हे मी एकही चूक न करता जर्मनमध्ये म्हणालो.

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि जिना उतरून गेले.

मंडळानं त्यांना कचेरीचा निर्णय होईपर्यंत रेंजवर देखरेखीला उभं राहू नका असं सांगितलं. निर्णय त्यांच्या बाजूनंही लागला असता, कोण जाणे. त्यांनी वाट पाहिली नाही. हत्यारं मंडळातल्याच एकाला विकली, परवाना कचेरीत नेऊन दिला. वैशालीला म्हणाले, या वयात आपण भरवशाचे आहोत की नाही याची तपासणी करून घ्यायची नाही. त्यानंतर रविवारी त्यांची गाडी दारात उभी असायची. बागेत दुसरी खुर्ची तशीच होती. पेपर मात्र ते वैशालीला आणून देतच राहिले.

वडील फोनवर दर वेळी विचारायचे, "म्हातारबुवा कसे आहेत?" मी म्हणायचो, बरे आहेत. वडील गेले तोवर मी हेच म्हणत होतो.

माझा करार एकदा वाढला, आणि दोन वर्षांनी मला न्युरेम्बर्गला नोकरी लागली. सामानाची गाडी भरली, घर रिकामं झालं. त्या आठवड्याची पाटी आमच्या दाराला होती. मी झाडू शोधत होतो, तो कुठल्यातरी खोक्यात गेला होता. हेबर्ले वर आले आणि हात पुढे केला.

"द्या," म्हणाले. "तुमचा आठवडा मी करतो."

मी पाटी खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. गाडी वळली तेव्हा ते आमच्या दारासमोरचा रस्ता झाडत होते.