हुतुतूचा तास

तीन आठवड्यांपूर्वी राजेंद्रनगरहून प्रभाबाईंच्या भाचीचा फोन आला. "मावशीजी, आत्या गेली. सकाळी चहा घेतला, अन् बस... परेशान नाही झाली. तिच्या डायरीत तुमचा नंबर होता." मी "अरे रे" म्हटलं, फोन ठेवला, आणि मनात पहिली गोष्ट काय यावी? चला, आता कोणाला कळायचं नाही! पंच्याऐंशी वर्षांची बाई मी, आणि हे असं मन. माझी मलाच शरम वाटली.

इंदूर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं, ते दिवस. मी चौदाची, तिथल्या मुलींच्या शाळेत. प्रभाबाई आमच्या कवायतीच्या बाई, जेमतेम बावीस-तेवीसच्या. शेवटच्या तासाला पदर खोचून पोरींबरोबर स्वतः हुतुतू खेळायच्या. मी मात्र रोज बाकावर. कधी पोट दुखे, कधी डोकं, नाहीतर 'बाजूला बसलेय'. एका महिन्यात मी तीनदा बाजूला बसले, तरी बाई एक शब्द बोलल्या नाहीत. खरं कारण निराळंच होतं. वर्षभरात अंग एकदम भरलं होतं. पळाले की छाती हलायची, आणि भिंतीवर चढून बसलेली टवाळ पोरं हुर्यो करायची. आईला सांगावं तर ती म्हणणार, "मग पळतेस कशाला?"

बाईंनी एकदा गाठलंच. "विमल, खरं सांग, पाय दुखतात की त्या पोरांची लाज वाटते?" सोमवारी बघते तो भिंतीवर बांबूचे उंच तट्टे बांधलेले! शिपायाला हाताशी घेऊन बाईंनी स्वतः बांधले होते. "चल ग, आता अपनच आहोत," म्हणाल्या. उपकार वाटायला हवे होते, मला आला राग. बहाणाच गेला ना हातचा! पोरं दिसेनाशी झाली, पण पोरी होत्याच की. त्याही माझ्याकडे बघून खुसखुसायच्या. ते कोणत्या तोंडाने सांगू?

घरी जाऊन आईला म्हटलं, "बाई त्या चार दिवसांतल्या मुलींनाही हुतुतू खेळायला लावतात." धडधडीत खोटं! तसल्या मुलींना बाई न विचारता बाकावर बसू द्यायच्या. पण हुतुतू म्हणजे सगळी शिवाशिवच. एक 'बाजूची' मैदानात उतरली की सगळ्या पोरी विटाळून घरी येणार, अन् थेट देवघरात शिरणार! आमच्या आयांना याहून मोठं संकट ठाऊक नव्हतं. आईने भजनाला जमलेल्या बायकांच्या कानावर घातलं, आणि दोन दिवसांत आठ-दहा आया मोठ्या बाईंच्या खोलीत. मला बोलावलं. "खरं का ग हे?" प्रभाबाई समोरच उभ्या होत्या. मी मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, "विमल?..."

हुतुतूचा तास बंद झाला, त्या जागी भरतकाम आलं. बाईंची देपालपूरला बदली झाली. पोरी ढसाढसा रडल्या. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात अडतोय, पण वाटलं होतं खरं.

पुढे बाई इंदूरला परतल्या. म्हातारपणी एकदा भाजीबाजारात त्यांनीच मला ओळखलं. "गुडघे काय म्हणतात? रोज चालत जा थोडं," असं म्हणून माझा नंबर लिहून घेतला. नंतर दोन-तीनदा त्यांचा फोन आला. मी सुनेला सांगितलं, "घरी नाही म्हण."

तेराव्याला गेले. भाचीने एक फोटो पुढे केला. मधे प्रभाबाई, भोवती पदर खोचलेल्या, घामेजलेल्या पोरी, सगळ्या खिदळतायत. "मावशीजी, तुम्ही पण आत्याच्या टीममध्ये होत्या ना? यात तुम्ही कोणत्या?" सांगणार होते हो, देवाशपथ सांगणार होते... आणि मागच्या ओळीतल्या एका पोरीवर बोट ठेवून म्हटलं, "ही." भाची खूश झाली. "मग तुमच्यापाशीच राहू द्या, आत्याला बरं वाटेल," म्हणून तिने तो फोटो मला देऊन टाकला.

तो आता माझ्या टेबलावर आहे. बाई हसतायत. त्या पोरीचं नाव मला अजून आठवत नाही.