एकदा पाहिलं की मागे लागतं

आमच्या सानगडीच्या शिवणवर्गात चिंध्या जमत नाहीत तेवढे फोनचे किस्से जमतात. पूर्वी सांगताना पोट धरून हसायचो. आता सांगताना मी एक किस्सा वगळते.

सिंधूताईंनी फोनवर शिलाई मशीनची किंमत पाहिली. वेबसाइटने विचारलं, "कुकीज स्वीकारता का?" ताईंनी लगेच "स्वीकारा" दाबलं!

"वाचलं तरी का?" मी म्हटलं.

"दारात येऊन कोणी इतकं नम्रपणे विचारलं, तर नाही कसं म्हणू बाई?"

तेव्हापासून मशीन त्यांच्या मागे! भजन उघडलं तरी मशीन, हवामान पाहिलं तरी मशीन!

चिडून ताईंनी त्या वेबसाइटचं गोपनीयता धोरण वर्गात मोठ्यानं वाचलं. वर लिहिलेलं, "आम्ही तुमच्या गोपनीयतेचा आदर करतो." खाली लिहिलेलं, माहिती भागीदारांना देतो.

"हे कोणते भागीदार? मशीन तर मी एकटीनंच पाहिली होती!"

शेवटी ताईंनी दिवसभर कढया पाहिल्या. मशीन गेली, कढया आल्या! हा उपाय त्यांनी गावभर सांगितला.

मी वगळते तो किस्सा वर्गातल्याच कमलचा. तिच्या छातीत गाठ निघाली. घरात फोन एकच, तिच्या नवऱ्याचा, रामाभाऊंचा. त्यावर तिनं गाठीबद्दल शोधलं आणि शोधलेलं पुसून टाकलं. लेकीचं लग्न तोंडावर, घरी कळू द्यायचं नव्हतं. भंडाऱ्याला उपचार सुरू झाले. घरी माझं नाव सांगायची, "मीनाताईसंग लेस आणाले चालली."

एकदा लेकीच्या सासरचे आले. रामाभाऊ त्यांना फोनवर पत्रिकेचे नमुने दाखवत होते. मध्येच कॅन्सरच्या दवाखान्याची जाहिरात! चहा देणाऱ्या कमलनं घाईनं बिस्किटांची ताटली पुढे केली.

रामाभाऊ म्हणाले, "हे कंपनीवाले कोणालेही कायबी पाठवतेत!" पाहुणे हसले.

दुसऱ्या दिवशी कमल मला म्हणाली, "वाचली बाई मी! त्याईले काहीच समजलं नाही."

पुढच्या खेपेला मी तिला न्यायला गेले. रामाभाऊ अंगणात चष्मा लावून फोनवर साड्या पाहत होते. एकामागून एक.

"लग्नाच्या साड्या का, भाऊजी?"

"सिंधूताईचा उपाय, वहिनी," ते हळूच म्हणाले. "साड्या पाहिल्या का दवाखाना मागं जाते. कमलले वाटते, मले मालूम नाही. वाटू द्या."

तेवढ्यात कमल पिशवी घेऊन बाहेर आली. रामाभाऊंनी फोन खिशात टाकला आणि गाडी काढली.

"चला, बसपर्यंत सोडून देतो. अन् कमल, या बारी जरा रुंद लेस पाहून आणजो."