तुमची जागा खाली आहे

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरचा जिना चढताना भिंत धरावी लागते. अशी बाई पेरूला जाऊन डोंगर चढून आली, तंबूत झोपून आली आणि इंका लोकांचे शेकडो वर्षांपूर्वीचे दगड हाताने चाचपून आली. लग्नाआधी साताऱ्यात मी अजिंक्यताऱ्याचा किल्ला दूध आणायला जावं तसा चढून उतरायचे. आणि मी इथे काशीत, दुर्गाघाटावर मोबाइलवर तिचे फोटो बघत बसले. माझा जीव जळला. जळला म्हणजे जळलाच, त्याला दुसरा गोड शब्द मी शोधणार नाही.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. दुर्गाघाटाच्या गल्लीत, जिथे समोरून गाय आली की माणसाने मागे सरायचं, तिथे आमचं दुमजली घर आहे. ती वर, मी खाली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना जिना झेपत नव्हता, म्हणून थोरली सून त्यांच्याजवळ खाली राहिली. मागून जाऊ आली, तिला वरचा मजला मिळाला. वरून गंगा दिसते, पलीकडची रेती दिसते. माझ्या खिडकीतून समोरच्यांची भिंत दिसते आणि त्यांची मोरी. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मजले बदलायचं कुणी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मागून घ्यायची मला सवय नाही, कुणी आपणहून दिलं तर घेईन. वर काही द्यायला गेले तरी दारात उभी राहून वाटी हातात ठेवते आणि परत फिरते.

जाऊ इथलीच. तिच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेली. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात निम्मी हिंदी मिसळलेली. ती नवी नवी आली होती तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, माझ्या बाबांनी मला फार चांगली शिक्षा दिली." मी घाबरून विचारलं, अगं, असं केलं तरी काय होतंस? ती शिक्षणाबद्दल बोलत होती. पुढे मला सवय झाली. ती बोलायला लागली की माझ्या डोक्यात आपोआप उलथापालथ होऊन शब्द सरळ होऊन बसतात. निदान माझी तशी समजूत होती.

आता पेरूचं सांगते. ते वेड या घरात आणलं मी. इथल्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. पुतणी, म्हणजे जावेची एकुलती एक लेक, शाळेतून आली की दप्तर माझ्याकडेच टाकायची, कारण तिची आई तेव्हा वर दुपारची झोपलेली असायची. मग आम्ही दोघी जमिनीवर नकाशा पसरायचो. हा अँडीज, इथे इंका राहायचे, चुना न लावता दगडावर दगड असे बसवायचे की मध्ये सुरीचं पातं जात नाही, हे सगळं तिला मी सांगितलं. चुनारच्या किल्ल्यावर बोट धरून चढवलं ते मी. "काकू, आपण तिथे जाऊ," असं ती म्हणायची. मुलं म्हणतात तसं. पण मी ते मनात धरून ठेवलं होतं हे खरं.

ती मोठी झाली आणि नोकरीने तिला नेलं नेमकं पेरूच्या राजधानीत. तेव्हा आम्ही घरातल्या चौघांनी पासपोर्ट काढून ठेवले. मी कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून मी वाट बघत होते. मला काही फार नको होतं. कुणीतरी मला "चल" म्हणावं, एवढंच.

एका संध्याकाळी मी अळूवड्या द्यायला वर गेले तर जाऊ फोनवर होती. पुतणीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आई, छोटासाच ट्रेक आहे, दोन दिवसांचा. गाइड बरोबर असतो, सामान घोड्यावर जातं. मध्ये एक रात्र तंबूत, आणि दुसऱ्या दिवशी इंकांचे अवशेष. माचू पिच्चूसारखी गर्दी नाही तिथे. तू ये फक्त." तेवढ्यात फोन कटला. जाऊ माझ्याकडे वळली, तिचा चेहरा नुसता फुलला होता. मी म्हटलं, "पेरूसाठी एवढ्या लांब कशाला जायचं? इलाहाबादचे काय वाईट असतात?" आणि वाटी ठेवून निघाले. तिला ते लागलं की नाही कोण जाणे.

मी जिना अर्धा उतरले असेन. वरून तिने कठड्यावर वाकून हाक मारली. "वहिनी, तुमची जागा खाली आहे."

मी तिथेच थांबले. इतक्या वर्षांत तिने मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि आज हे. हो बाई, माझी जागा खालीच आहे. सासूबाईंच्या पलंगाशी होती, मोरीसमोर आहे, आता तू पेरूला जाणार आणि मी खालून टाटा करणार. मान वर करूनही न बघता मी म्हटलं, "माझी जागा मला ठाऊक आहे."

"मग?" तिने विचारलं.

"मग काय? कळलं मला," असं म्हणून मी दार लावून घेतलं.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही. एका घरात राहणाऱ्या जावांना भांडण परवडत नाही. उलट दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "वहिनी, मला चालायला शिकवा." शिकवते म्हटलं, बघतेच तुला. रोज सकाळी मी तिला भोसले घाटाच्या पायऱ्यांवर न्यायचे आणि मागे न बघता चढत सुटायचे. ती मागून धापा टाकत यायची, कमरेवर हात, पदर सुटलेला. वर पोचली की मी लगेच म्हणायचे, चला, परत उतरा. कधी रामनगरच्या पुलावरून पार पलीकडे आणि परत, एका दमात. तिथला चहावाला एकदा म्हणाला, "अरे बहिनजी, जरा साँस तो लेने दीजिए इनको." मी नाही घेऊ दिला. मला बघायचं होतं की ती कधी नको म्हणते. ती म्हणाली नाही.

एकदा पायऱ्यांवर बसल्या बसल्या तिने विचारलं, "तुमचं पक्कं ना वहिनी?" मला वाटलं उद्याच्या चालण्याबद्दल विचारतेय. मी म्हटलं, "माझं पक्कंच असतं." ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक. मी लेकीला सांगते." सांग बाई, म्हटलं, काकूने आईला घोड्यासारखी तयार केली म्हणून सांग.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिला माझी लोकरीची टोपी दिली. देवाशपथ सांगते, प्रेमाने नाही दिली. माझं काहीतरी तरी तिथे पोचू दे, म्हणून दिली.

ती गेली आणि घर एकदम गप्प झालं. दीर जेवायला खाली यायचे आणि जेवता जेवता फोटो दाखवायचे. तंबू, घोडे, हातात कसल्याशा पानांचा चहा, डोक्यावर माझी टोपी. आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, "वा, काय रंग आहे आकाशाचा." मी भाजी वाढली. दुसरा फोटो इंकांच्या भिंतीचा होता आणि खाली जावेने लिहिलं होतं, 'अगदी आपल्या भोसले घाटासारखं.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या लांब जाऊन हिला दिसलं काय, तर भोसले घाट. दगडांचे ते सांधे मी बघितले असते. वाकून, बोट फिरवून, पुतणीला शेजारी उभी करून बघितले असते. ज्याला जे कळत नाही त्याला ते मिळतं, असं मी मोठ्याने बोलले. दिरांनी ताटातून वर बघितलं. आमचे हे हळूच म्हणाले, "मीठ जरा कमी आहे का गं?" मीठ बरोबर होतं.

पुतणीचा मात्र मला एकही फोन नाही. एरवी आठवड्यातून दोनदा 'काकू काकू' करणारी मुलगी. मी म्हटलं, झालं, आता आई मिळाली, काकूचं काय काम.

मग एका सकाळी, मी दूध तापवत असताना, जावेने मला व्हिडिओ पाठवला. डोंगरावर रेंज नसते, गावात उतरल्यावर तिने आधी फोटो पाठवले होते, मग हा. मी गॅस बारीक करून तो लावला. ती तंबूत बसली होती. कापड वाऱ्याने फडफडत होतं. नाक लाल, माझी टोपी कानापर्यंत ओढलेली. आधी तिने दम घेतला. मग म्हणाली, "वहिनी, पोचले. तुमच्या भोसले घाटाने पोचवलं. लेक आणि तिची मैत्रीण शेजारच्या तंबूत आहेत. मी इथे एकटीच आहे." आणि तिने फोन शेजारी वळवला. तिथे एक झोपायची पिशवी नीट अंथरलेली होती, उशीसकट. तिच्यावर जावेची सामानाची बॅग ठेवलेली. "ही बघा तुमची जागा," ती म्हणाली. "खालीच राहिली. बाहेर दव पडतं, म्हणून बॅग ठेवली हिच्यावर."

खालीच राहिली.

दूध उतू गेलं. तंबूत वर आणि खाली असतं कुठे? हिच्या तोंडून मी जन्मभर ऐकत आले होते, गिलास खाली करा, टाकी खाली झाली, रिक्शा खाली आहे का विचारा. हिच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं. मी तिचे सगळे शब्द सरळ करून घेत होते. नेमका तेवढाच, नेमका त्या जिन्यात, मी साताऱ्याच्या कानांनी ऐकला. मला जे ऐकायचं होतं ते तिने मला केव्हाच म्हटलं होतं. मी गॅस बंद केला आणि ओट्यावरचं दूध पुसलं.

ती परत आली तेव्हा सामान वर न नेता आधी माझ्याकडे आली आणि माझ्या खुर्चीत बसली. पाय सुजले होते. मी पाणी दिलं आणि सरळच विचारलं, "तू मला साध्या शब्दांत 'चला' का नाही म्हणालीस?"

"म्हटलं की," ती म्हणाली. "जिन्यात. तुम्ही वर यायच्या आधी लेक फोनवर म्हणाली होती, तंबू दोघींचा आहे, काकूला घेऊन ये. मी म्हटलं तुमची जागा खाली आहे. तुम्ही म्हणालात, मला ठाऊक आहे, कळलं मला, आणि दार लावून घेतलंत. मी समजले की लेकीने तुम्हाला आधीच विचारलंय आणि तुम्हाला नाही यायचं. तरी घाटावर परत विचारलं, पक्कं ना? तुम्ही म्हणालात पक्कं. लेक फार हिरमुसली. रागावलीये तुमच्यावर."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्याबरोबर तुम्हाला कशाला आवडेल. मी किती हळू चालते. घाटावर तुम्ही माझ्यासाठी कधी थांबला नाहीत."

आता माझा हेवा संपला असं कुणी समजू नये. तिचा हेवा करणं सोपं होतं, त्याची सवय होती. आता मला त्या बॅगेचा हेवा वाटतो. माझ्या अंथरुणावर रात्रभर ती पसरली, तंबूत माणसाच्या शेजारी ऊब घेतली, आणि सकाळी दगड बघायला निघाली. पेरूला पुन्हा जाणं काही होणार नाही, पुतणीची बदली झाली आहे. ती आता फोन करते, पण पहिल्यासारखं नाही.

जाऊ परत आली त्या दिवशी मी तिची बॅग उचलली आणि वर निघाले. ती मागून भिंत धरून येत होती. मी प्रत्येक पायरीवर थांबले. वर गेल्यावर बॅग खाली ठेवली आणि पहिल्यांदाच परत फिरले नाही. गंगेकडच्या खिडकीशी बसायला एक वेताचा मोढा होता. मी विचारलं, "ही जागा खाली आहे का गं?"

"ती तर केव्हापासूनची खाली आहे," ती म्हणाली. "तुम्ही बसतच नाही."

मी बसले. नदी दिसत होती, रेती दिसत होती, रामनगरकडे जाणारी एक नाव दिसत होती. इतकी वर्षं हे सगळं तिला रोज दिसत होतं.