खडूने लिहिलेलं साल

मला थांबता येत नाही. चहा उकळायच्या आत मी गाळते, भात शिजायच्या आत झाकण उघडते. असली मुलगी सुताराच्या घरात यावी, म्हणजे कमालच! आमच्या मूल गावातल्या घरी अर्धा धंदा थांबण्याचाच होता.

बाबा लाकडाच्या डेपोच्या लिलावातून सागवान आणायचे, वनखात्याचा शिक्का आणि कागद बघून. फळ्या पाडल्या की सावलीत रचायच्या, वारा खेळावा म्हणून मधे पट्ट्या घालून. मग पुरतं सुकेपर्यंत दोन उन्हाळे हात लावायचा नाही. दरवर्षीचा माल सारखाच दिसायचा, म्हणून फळीच्या टोकावर खडूने महिना आणि साल लिहायचं. बाबांचा हात रंध्यावर चालतो, अक्षरावर नाही. ते काम मी चौथीत असल्यापासून माझं. लग्न होऊन नागपूरला गेले तरी नवा माल तसाच पडून राहायचा. "तू येशील तवा लिवशील," म्हणायचे.

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सासरच्यांना शोरूममधलं जेवणाचं टेबल हवं होतं. किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. आणि एवढं करून ते आतून भुशाचं, वरून सागाचा पापुद्रा चिकटवलेलं! मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, टेबल माझ्या बाबांच्या हातचं येईल, अस्सल सागाचं, आणि वास्तुशांतीच्या आधी येईल. झालं. आता माझी इज्जत बाबांच्या फळ्यांवर येऊन बसली. आणि टेबलाच्या मापाच्या फळ्यांचा एकच उन्हाळा झाला होता.

दर रविवारी फोन करायची. "सुरू केलं का, बाबा?"

"नाई."

"काऊन नाई?"

"ओलं हाये, बाई. झाडानं इतके वर्सं काढले, तुले एक उन्हाळा काढवत नाई? झाड जेवढं जगलं, तेवढं त टेबल टिकलं पाह्यजे. नाईतर तोडलं कायले?"

मी फोन आपटायची. माणूस बरोबर बोलत असला की त्याचा जास्तच राग येतो.

शेवटी एक दिवस मी मूलला जाऊन धडकले. दुपारी बाबा चौकात चहाला गेले, आई शेजारी गेली. मी फळ्यांपुढे येरझारा घालत होते. टोकांवर माझंच अक्षर. ओढणीने सालाचा शेवटचा आकडा पुसला आणि एकाने कमी करून लिहिला. सहा फळ्या.

बाबा आल्यावर म्हटलं, "तुमची सालात गफलत झाली, बाबा. या फळ्या बघा ना, यांचे दोन उन्हाळे होऊन गेले की!" त्यांनी एक फळी उभी केली, वाकवलेल्या बोटाने वाजवली, ओलं की सुकं ते आवाजावरून ओळखायला कान लावला. पुन्हा वाजवली. मग बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"असन," म्हणाले, आणि रंधा घेतला.

टेबल वेळेवर आलं. पाहुण्यांनी हात फिरवून फिरवून पाहिलं. सासूबाईंनीसुद्धा वाखाणलं. मी नुसती मिरवत होते. मे महिन्यात नागपूर तापलं आणि टेबलाच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली. मी फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी फोन आईकडे दिला.

आठवड्याने आईचा फोन आला. "तुह्या बाबानं मोठं काम घेनं बंद केलं. पाट-चौरंगच करून राह्यले. म्हनते, माहे कान गेले."

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी मनात ड्रायव्हरला शिव्या घालत होते.

बाबा पाट तासत होते. मी बसलेसुद्धा नाही. "बाबा, ते साल मी बदललं होतं. फळ्या ओल्याच होत्या."

रंधा थांबला.

"मले ओलंच आयकू आलं होतं," ते हळूच म्हणाले. "दोनदा वाजवलं. पन अक्षर तुहं होतं. म्हटलं, पोरगी काऊन चुकन? आपलेच कान गेले." आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे शाबूत हायेत माहे कान!" उठले, आणि ढिगातली एकेक फळी वाजवत सुटले. हे ओलं, हे सुकलं, हे ओलं.

मला रडू आवरेना. "शिवी तरी द्या ना, बाबा!"

"कायले? टेबल धाडून दे. आता सुकलं असन ते. उकलून नीट बसवतो."

कोपऱ्यात नव्या फळ्या रचलेल्या होत्या, टोकं कोरी. सवयीने मी कोनाड्यातला खडू उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"राहू दे, बाई," म्हणाले. "आता मी कानानंच पाहीन."