कॅबिनेटची कडा

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे 'इंजिनिअर' म्हणतात, कारण लहानपणी घरातलं एकही घड्याळ त्यानं धड ठेवलं नाही. इंजिनिअर कसला डोंबलाचा! जन्मभर दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले. चालण्यावर पोट, आणि शुगरनं नेमके पायच धरले. आधी पायांना काही कळेनासं झालं, मग डावा अंगठा कापावा लागला, मग नोकरी गेली. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा जखम झाली तर पाऊल जाईल. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही."

तरी गडी खचला नाही. "ताई, बसून टायपिंग करीन. कॉम्प्युटर मीच जोडणार, स्वस्तात." एका वकिलानं काम द्यायचं कबूलही केलं होतं.

दुकानात बाकीचं सामान ठरलं आणि घोडं अडलं कॅबिनेटवर, म्हणजे ते सामान बसवायच्या पत्र्याच्या पेटीवर. दोन पेट्या समोर. एकीच्या पत्र्याच्या कडा आत दुमडलेल्या. दुसरी स्वस्त, कडा कापल्या तशाच ठेवलेल्या. मी हात फिरवला तर बोटातून रक्त. दुकानदारच म्हणाला, "जपून हं, धार आहे."

"बघितलंस?" मी ओरडले. "गुमान ती दुमडलेल्या कडांची घे!"

"अगं, नुसत्या डब्याला काय चाटायचंय? वाचतील तेवढ्यात मेमरी वाढेल. मशीन पळेल बघ."

"मशीन पळू दे, तू चालायचं बघ!"

ऐकेल तर शपथ. हट्टीपणात आमच्या बापावर गेलाय. स्वस्त पेटीच घरी आली.

दुपारी तो जमिनीवर बसून जोडणी करत होता. चपला कोपऱ्यात. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून पायाशी टेकवलेला. मी चहा घेऊन आले तेव्हा स्वारी खुशीत होती. "सुरू झालं, ताई! पंख्याचा आवाजसुद्धा नाही." माझं लक्ष खाली गेलं. फरशीवर रक्त पसरलेलं, डाव्या पावलात पत्र्याची कडा रुतलेली, आणि याला पत्ताच नाही. मी किंचाळले तेव्हा त्यानं वाकून पाहिलं. पायाकडे नाही, आधी बोर्डाला रक्त लागलं का ते पाहिलं. असा जीव जळला माझा!

जखम चिघळली. मलमं झाली, ड्रेसिंग झाली. शेवटी नुसतं पाऊल नाही, गुडघ्याखाली पायच काढावा लागला. वकील भला माणूस, त्यानं काम राखून ठेवलं होतं.

घरी आला तो थेट टेबलाशी. मी कॅबिनेटच्या एकूण एक कडेवर जुन्या चादरीच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यानं त्यांवरून हात फिरवला आणि हसला. "आता कशाला, ताई? या बाजूला पायच नाही."

मला हसू आलं नाही, रडूही नाही. संताप आला. मी खाली बसले, त्याचा उजवा पाय धरून चपलेत घातला आणि म्हटलं, "हा आहे ना अजून."